बरा न होणारा आजार असलेल्या माणसाला भेट काय द्यावी? (आजारासोबत राहणाऱ्यांनी जरूर लिहा)

गोधडी

एका मैत्रिणीच्या भावाला नुकतंच आमवाताचं निदान झालं. तोच आजार मला बरीच वर्षं आहे, म्हणून तिने विचारलं, त्याला भेटायला जाताना काय नेऊ? तिला फोनवर सांगता सांगता वाटलं, हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं, आणि नुसतं माझ्या आजाराबद्दल नाही, सगळ्यांचंच. म्हणून हा धागा.

आधी माझं म्हणणं मांडते. हाड मोडलं, ऑपरेशन झालं की लोक भेटायला येतात, हातात काहीतरी घेऊन येतात, माणूस बरा होतो, विषय संपतो. भेट द्यायची आपली सगळी सवय अशा आजारपणाची आहे. आमवात, मूत्रपिंडाचे विकार, पार्किन्सन्स, ल्युपस हे असे संपत नाहीत. 'लवकर बरे व्हा' लिहिलेल्या कार्डावर त्या माणसाने काय म्हणायचं? त्याला उद्याही याच शरीरात दिवस काढायचा असतो. म्हणून कुठलीही वस्तू घेताना मी एवढंच बघते, हिच्यामुळे त्याचं एखादं काम कमी होणार आहे, की नवं काम मागे लागणार आहे? कुंडीतलं रोप देखणं असतं, पण त्याला पाणी कोण घालणार? मोठं शोभेचं काहीतरी आणलं तर ते पुसायचं कुणी?

आमवातात सकाळी बोटं आखडलेली असतात, तासभर तरी, कधी त्याहूनही जास्त. तेवढ्या वेळात बरणीचं झाकण, शर्टाची बटणं, टूथपेस्टचं टोपण, सगळंच अडतं. मला मिळालेली सगळ्यात कामाची भेट म्हणजे व्ही आकाराची दातेरी पट्टी. ती ओट्यावरच्या कपाटाच्या तळाला स्क्रूने बसवतात. बरणीचं झाकण तिच्यात सरकवायचं आणि खालून दोन्ही तळव्यांनी बरणीच फिरवायची. बोटांच्या पेरांवर जोर येत नाही. आतेभावाने आणली, येताना हत्यारंही घेऊन आला, माझ्या उंचीला कुठे सोयीचं पडेल ते विचारून बसवून दिली आणि मला एक बरणी उघडायला लावून मगच गेला. वस्तू छोटीच, पण ती बसवून देण्याचं काम त्याने माझ्यावर टाकलं नाही, हे मला फार मोठं वाटलं.

नको असलेलं एक सांगते, चुंबकाचं कडं. चाचण्यांमध्ये साध्या कड्यापेक्षा त्याचा आमवातावर काही जास्त उपयोग दिसलेला नाही. घरात कुणाला पेसमेकर असेल तर जोरदार चुंबक छातीजवळ येणं धोक्याचं, ते वेगळंच.

आता तुम्ही लिहा.

सुतारपक्षी

चांगला धागा. माझी बायको डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास. रक्त शरीराबाहेर जाऊन मशीनमधून फिरून परत येतं, त्यात थंडी वाजते. त्यात ज्या हाताला फिस्टुला (सुया टोचता याव्यात म्हणून ऑपरेशनने धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) आहे तो हात उघडा ठेवावा लागतो, कारण सुया आणि नळ्या सतत नजरेसमोर लागतात. म्हणजे थंडी वाजतेय आणि हात झाकता येत नाही.

तिच्या बहिणीने एक मऊ जॅकेट आणलं आणि त्या हाताची बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उसवून तिथे चेन बसवली. दोन्हीकडून उघडणारी चेन. जेवढा भाग नर्सला हवा तेवढाच उघडायचा, वरचा दंड आणि मनगट झाकलेलं. बाजारात अशी जॅकेटं मिळतात हे आम्हाला नंतर कळलं, पण हिला तिच्या बहिणीचंच आवडतं.

फिस्टुलाच्या हातात घट्ट घड्याळ, ब्रेसलेट, बांगडी काही चालत नाही. रक्तप्रवाह दाबला गेला तर ती नस बंद पडू शकते. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टाही बांधत नाहीत. दागिना द्यायचाच तर गळ्यातला किंवा कानातला द्या.

आणि फळांची टोपली. सगळ्यांचा हात आधी तिकडेच जातो. मूत्रपिंड काम करत नसेल तर पोटॅशियम रक्तात साठतं, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. बरीच फळं त्यामुळे मोजूनमापून खावी लागतात, आणि कमरख (स्टारफ्रूट) तर अजिबात नको. त्याने मूत्रपिंडाच्या रुग्णाला न थांबणारी उचकी, भ्रम, झटके असं सगळं होऊ शकतं. कुणी काळजीने 'कमी सोडियमचं मीठ' आणतं, तेही बघून घ्या. त्यात बहुतेक वेळा सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं.

ओलीवाट

सुगंधी मेणबत्त्यांबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं, म्हणून मीच लिहिते. मला अर्धशिशी आहे, आईला दमा. आमच्याकडे येणाऱ्या भेटींमध्ये मेणबत्त्या, अत्तरं, वासाची साबणं हेच जास्त. तीव्र वासाने माझं डोकं उठतं आणि आईची धाप. किमोथेरपी चालू असणाऱ्यांनाही वास सोसत नाहीत. काल आवडणारा वास आज मळमळ आणतो.

घरी ऑक्सिजन लावलेला असेल तर मेणबत्तीच काय, कुठलीच ज्योत आसपास नको. ऑक्सिजनने कपडे, पांघरूण, केस फार पटकन पेट घेतात. हे देणाऱ्याच्या मनातही येत नाही, म्हणून मुद्दाम ठळकपणे सांगतेय.

मला मिळालेली आवडती भेट म्हणजे मंद करता येणारा, न थरथरणारा पिवळसर दिवा. डोकं दुखत असताना रात्री उठायचं तर मोठा दिवा लावणं नको वाटतं. हा हाताशी असतो.

चांदणचुरा

ओलीवाट, +१. किमोच्या काळात ताजी फुलंही विचारून न्या. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात तेव्हा फुलदाणीतल्या पाण्यातले आणि कुंडीच्या मातीतले जंतू त्रास देऊ शकतात. बऱ्याच वॉर्डांत त्यामुळेच फुलं आत घेत नाहीत. मला त्या दिवसांत तोंडात सतत धातूची चव यायची. कुणीतरी लाकडी चमचे आणि अगदी मऊ टूथब्रश आणून दिला. त्या व्यक्तीने स्वतः हे भोगलं होतं, हे मला न सांगताही कळलं.

काठावरून

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं लिहितो. हे वाचून मला भीती वाटायला लागली आहे. फूल नको, फळ नको, वास नको, कडं नको. प्रेमाने आणलेली वस्तू इतकी तपासून घ्यायची असेल तर लोक काहीच आणणार नाहीत आणि हळूहळू यायचेही बंद होतील. माझा मित्र आजारी पडला तेव्हा मी याच भीतीने बरेच दिवस फोनसुद्धा केला नव्हता. चुकीचं काही देणं परवडलं, पण दूर राहणं वाईट, असं मला वाटतं.

गोधडी

काठावरून, तुमचं म्हणणं पटतं, आणि लिहिलंत ते फार बरं केलंत. दूर राहणं सगळ्यात वाईटच. पण यावर उपाय सोपा आहे. विचारा. विचारल्याने भेटीतली गंमत जाते असं आपल्याला उगाच वाटतं. ज्याचं शरीर रोज नवीन काहीतरी समोर आणून ठेवतं, त्याला भेटवस्तूतही धक्का नको असतो.

फक्त 'काही लागलं तर सांग' असं विचारू नका. त्यात सांगायचं काम पुन्हा आजारी माणसावरच येतं. काय लागेल ते आठवायचं, ते मागण्याजोगं आहे का ते ठरवायचं, मग मागायचं. बहुतेक जण 'नाही, काही नको' म्हणतात आणि गप्प बसतात. त्यापेक्षा म्हणा, 'बुधवारी मी औषधांच्या दुकानात जाणारच आहे, तुझ्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो पाठव, तुझीही औषधं आणतो.' किंवा, 'शनिवारी तासभर मोकळा आहे, कपड्यांच्या घड्या घालू की तुला तपासणीला सोडू?' दोन पर्याय दिले की निवडणं सोपं जातं.

खिडकीतली

मी हे तुकड्यातुकड्याने लिहितेय, वाचताना तुटक वाटलं तर समजून घ्या. मला मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस आहे, ज्याला क्रॉनिक फटीग म्हणतात. या आजारात थोडे श्रम झाले तरी शरीर कोसळतं, आणि लगेच नाही, बऱ्याचदा बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी. श्रम म्हणजे फक्त चालणं नाही. बोलणं, हसणं, उजेड, गोंगाट, सगळं त्यात मोजलं जातं. त्यामुळे भेटायला आलेल्यांना मी छान दिसते. त्यानंतरचे दिवस त्यांना दिसत नाहीत.

माझ्या वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून न सांगता घरी कार्यक्रम ठेवला होता. प्रेम होतं, मला दिसत होतं. त्यानंतर बराच काळ मी अंथरुणातून उठले नाही. आधी सांगितलं असतं तर मी दोन दिवस विश्रांती साठवून ठेवली असती.

आता चांगलं सांगते. माझी एक मैत्रीण रोज चालायला जाते, तेव्हा कधीकधी मला आवाजातला संदेश पाठवते. ठरवून काही सांगत नाही. कुठल्या झाडाला पालवी आली, कुणाच्या कुत्र्याने तिला पुन्हा ओळखलं नाही, वळणावर खोदून ठेवलंय. मागे तिची पावलं ऐकू येतात, मध्येच एखादी सायकल घंटा वाजवत जाते. शेवटी प्रत्येक वेळी म्हणते, 'उत्तर पाठवू नकोस.' या एका वाक्यामुळे मी ते निवांत ऐकू शकते. नाहीतर आलेल्या प्रत्येक संदेशाचं उत्तर देणं बाकी राहिलंय, हे ओझं डोक्यावर असतं.

भेटवस्तूवरही 'आभाराचा फोन करू नकोस' अशी चिठ्ठी लावता येते. एवढं जरूर करा.

सुतारपक्षी

खिडकीतली ताई, तुम्ही एवढे श्रम घेऊन लिहिलंत. याचं उत्तर पाठवू नका. 🙏

मधलीफळी

मल्टिपल स्क्लेरोसिसबद्दल लिहितो. यात मज्जातंतूंवरचं आवरण खराब झालेलं असतं, आणि शरीराचं तापमान थोडं वाढलं तरी संदेश अडखळतात. माझी नजर धूसर होते, पाय जड होतात. थंड झालं की बहुधा पूर्ववत. विल्हेल्म ऊथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये याची नोंद केली, म्हणून त्याचंच नाव दिलेलं आहे.

आता सांगा, गरम पाण्याच्या स्पाचं कूपन माझ्या काय कामाचं? जाड उबदार पांघरूणही तसंच. मला ऑफिसच्या लोकांनी गळ्याभोवती गुंडाळायचा, पाण्यात भिजवला की बराच वेळ गार राहणारा रुमाल दिला, तो उन्हाळाभर वापरला. म्हणजे डायलिसिसवाल्यांना ऊब हवी आणि मला गारवा. एकच यादी सगळ्यांना लावू नका, एवढंच म्हणायचंय.

निळीदऊत

माझं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेलं आहे. मला 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' काढे, गोळ्या, चूर्णं कोण जाणे किती जणांनी आणून दिली. नवं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून मी रोज प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतो. ती वाढवायची नाहीच आहे. ल्युपस, आमवात यांतही शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःवर उलटलेली असते.

शिवाय नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं नसतं. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती मनाच्या उदासीवर घेतात. तिच्यामुळे टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिनसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचं रक्तातलं प्रमाण घसरतं आणि अवयव नाकारला जाण्याची भीती असते. ग्रेपफ्रूटने उलट ते प्रमाण वाढतं. तोंडावाटे पोटात जाणारं काहीही द्यायचं असेल तर आधी विचाराच. यात संकोच नको.

'अमुक आजारावर अशी मात केली' छापाची पुस्तकंही मला देऊ नका. ज्याने दिलं त्याचं मन मोडायचं नाही म्हणून वाचावं लागतं, आणि वाचताना वाटत राहतं की मीच कुठेतरी कमी पडतोय. त्यापेक्षा चांगली रहस्यकथा द्या. वजनाला हलकी. आडवं पडून जाड पुस्तक छातीवर धरणं जमत नाही. ऐकायच्या पुस्तकांची वर्गणी भरून दिलीत तर त्याहून उत्तम.

खलबत्ता

मी औषधांच्या दुकानात काम करते. गोळ्यांचे वारांप्रमाणे खण असलेले डबे लोक भेट म्हणून घेऊन जातात. कल्पना चांगली. दीर्घ आजारांत विकसित देशांतसुद्धा सरासरी निम्मेच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात म्हटलं होतं. विसरणं हे त्याचं एक कारण आहे.

पण डबा घेताना झाकण स्वतः उघडून बघा. बरीच झाकणं इतकी घट्ट असतात की गोधडी ताईंसारख्यांना उघडणार नाहीत. दाबून उघडणारी मोठी झाकणं घ्या. आणि सगळ्याच गोळ्या त्यात काढून ठेवायच्या नसतात. डाबिगॅट्रान हे रक्त पातळ ठेवणारं औषध ओलाव्याने खराब होतं, ते मूळ वेष्टनातच ठेवायचं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्याही त्यांच्या मूळ बाटलीतच. आपल्या दुकानदाराला एकदा विचारून घ्या, आम्ही आनंदाने सांगतो.

आमच्याकडे एक मुलगा येतो. दर रविवारी काकूंचा डबा भरून देणं हीच त्याची त्यांना भेट. आधी यादी वाचतो, मग भरतो, मग काकूंना परत मोजून घ्यायला लावतो.

अंगणवेल

बाबांना पार्किन्सन्स आहे. अंथरुणात कूस बदलणं हे त्यांचं रात्रीचं सगळ्यात मोठं दुखणं. सुती चादर आणि सुती कपडे एकमेकांना धरून ठेवतात. नणंदेने सॅटिनचा पायजमा शिवून दिला आणि कूस बदलणं बरंच सोपं झालं. (चादर आणि कपडे दोन्ही सॅटिनचे नको, माणूस घसरून पलंगाखाली येईल.) बुटांना नाडीऐवजी चिकटपट्टी, ही दुसरी कामाची भेट.

आणि वेष्टन! रंगीत कागद, त्यावर चारी बाजूंनी चिकटवलेली टेप, वर आवळून बांधलेली फीत. हात थरथरत असताना सगळ्यांसमोर ते सोडवायचं, आणि सगळे बघत बसलेले. बाबा कागद बाजूला ठेवून 'नंतर बघतो' म्हणायचे. आता आमच्याकडे येणारे कापडी पिशवीतून देतात. बाबा लगेच हात घालून बघतात.

चांदणचुरा

अंगणवेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. फार चांगलं लिहिलंत.

कपड्यांबद्दल एक. स्टिरॉइड चालू असतील तर चेहरा आणि अंग सुजतं, वजन वाढतं. जुन्या मापाने आणलेला कपडा बसत नाही, आणि तो घालून बघताना रडू येतं. सैल, पुढून उघडणारा कपडा आणा. ल्युपस असेल तर उन्हाने आजार उफाळू शकतो, म्हणून पूर्ण बाह्यांचं आणि घट्ट विणीचं कापड, रुंद काठाची टोपी. स्पर्शानेही दुखतं अशा फायब्रोमायल्जियात सध्या मिळतात ती वजनदार पांघरुणं विचारल्याशिवाय नकोत.

सुतारपक्षी

सांभाळणाऱ्यांबद्दल लिहायचं राहिलं. सुझन सिल्क नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २०१३ मध्ये एक साधी आकृती मांडली. मध्यभागी आजारी माणूस, त्याभोवती एकात एक वर्तुळं. आधी घरचे, मग जवळचे मित्र, मग लांबचे. धीर आतल्या वर्तुळाकडे द्यायचा, स्वतःचं दुःख आणि तक्रार बाहेरच्या वर्तुळाकडे काढायची. मला ही आकृती फार उपयोगी पडली, कारण येणारे बरेच जण बायकोजवळच रडायचे आणि तिलाच त्यांची समजूत काढावी लागायची.

माझ्या शेजाऱ्याने मला जे दिलं ते सांगतो. डायलिसिसच्या दिवशी चार तास तो तिथे बसतो. दर वेळी नाही, महिन्यातून एकदा. पण तारीख आधी ठरलेली असते आणि ती तो मोडत नाही. त्या वेळात मी झोपतो. बाहेर फिरून ये, सिनेमा बघ असं लोक सुचवतात, पण मला झोपच हवी असते.

पैशांबद्दलही बोलायला हवं. दीर्घ आजारात खर्च थांबत नाही. पाकीट हातात देताना दोघांनाही अवघडतं, म्हणून एखादं ठरावीक बिल आपल्याकडे घ्या. आमच्या एका नातेवाइकाने तपासणीला जायच्या गाडीचं भाडं उचललं आहे. चर्चा एकदाच झाली, त्यानंतर विषय नाही.

गोधडी

आणि भेट केव्हा द्यायची, तेही. निदान झालं की पहिल्या महिन्यात घर भरून जातं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुणी येत नाही. आजार तेवढाच असतो, बऱ्याचदा वाढलेला असतो, फक्त लोकांसाठी तो जुना झालेला असतो. कुणाला काही द्यायचं मनात असेल तर थोडं मागे ठेवा. मैत्रिणीला मी हेच सांगितलं. आत्ता पट्टी बसवून दे आणि कॅलेंडरमध्ये दर काही महिन्यांनी एक खूण कर.

पाटीपेन्सिल

वाचून मदत हवी आहे. आमच्या विभागात एका सहकाऱ्याला टाइप १ मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. सगळे मिळून काहीतरी द्यायचं ठरतंय. कुणी साखर नसलेल्या मिठाईचा डबा म्हणतंय, कुणी पायांना शेक देणारं यंत्र.

खलबत्ता

मिठाई नको. 'साखर नाही' लिहिलेल्या पदार्थातही कर्बोदकं असतात आणि त्यानुसार त्याला इन्सुलिन मोजावंच लागतं. शेकाचं यंत्र तर मुळीच नको. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, चटका बसलेला कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही.

इन्सुलिन गार ठेवणारी प्रवासाची पिशवी त्याच्याकडे आहे का विचारा. उन्हात, बंद गाडीत इन्सुलिन खराब होतं, आणि गोठलं तर फेकूनच द्यावं लागतं. शिवण न टोचणारे मोजेही चांगले. साखर अचानक उतरली तर १५ ग्रॅम लवकर पचणारी साखर द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. हे विभागातल्या सगळ्यांनी त्याच्याकडून शिकून घेतलंत तर तीही भेटच.

पाटीपेन्सिल

आज सरळ विचारलं. तो म्हणाला, पिशवी आहे, मोजे चालतील. मग जरा थांबून म्हणाला, दुपारची मीटिंग जेवणाच्या वेळेत लांबते, इन्सुलिन घेऊन बसलेला असतो आणि उठता येत नाही, ती बदलता आली तर बघा. आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं. मीटिंग पुढच्या सोमवारपासून सकाळी घेतोय. मोजे घेऊन झालेत, कापडी पिशवीत घालून देणार आहोत. साखर उतरली तर काय करायचं ते तो शुक्रवारी आम्हाला दाखवणार आहे.